गांजा-एमडीच्या केसमध्ये जामीन कसा ठरतो? खान्देशातल्या घरांसाठी सरळ भाषेत

पोराला अटक झाली की घरचे लोक वकिलाला पहिला प्रश्न विचारतात, "साहेब, आमना पोऱ्या कव्हय सुटी?" याचं खरं उत्तर द्यायचं असेल तर वकिलाने आधी उलट विचारायला हवं: पंचनाम्यात वजन किती लिहिलंय, आणि पहिला रिमांड, म्हणजे कोर्टाने कोठडीत ठेवायचा दिलेला पहिला आदेश, कोणत्या तारखेला झाला? अंमली पदार्थांच्या केसमध्ये जामिनाचं गणित या दोन गोष्टींवर उभं असतं. ओळखपाळख, पुढाऱ्याचा फोन, "आतून काम करून देतो" म्हणत कोर्टाच्या आवारात भेटणारा माणूस, यांतल्या कशानेही ते गणित बदलत नाही. त्यात पैसे मात्र जातात, आणि पहिले मोलाचे आठवडे वाया जातात.

खान्देशात या केसेस येतात त्याला भूगोल कारण आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. पळासनेर-हाडाखेडच्या पुढे मध्य प्रदेशची हद्द लागते. भुसावळ जंक्शनवरून देशाच्या चारही दिशांच्या गाड्या जातात. शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी कपाशी-तुरीच्या आड गांजाची झाडं सापडल्याच्या बातम्या तर दरवर्षी येतात. म्हणून इथे आरोपी म्हणून उभा राहणारा माणूस कधी ट्रकचा ड्रायव्हर असतो, कधी डोंगरपट्ट्यातला कसणारा शेतकरी, तर कधी खिशात पुडी सापडलेला कॉलेजचा पोरगा. कायदा तिघांना एकच लागतो, पण जामिनाची वाट प्रत्येकाची निराळी.

अंमली पदार्थांचा हा कायदा १९८५ चा. कोर्टात आणि पोलीस स्टेशनात सगळे त्याच्या इंग्रजी नावावरून त्याला एनडीपीएस म्हणतात. १९८९ मध्ये त्यातल्या जामिनाच्या तरतुदी फार कडक झाल्या. २००१ च्या दुरुस्तीने मात्र एक शहाणपणाची गोष्ट केली: मालाच्या वजनाप्रमाणे शिक्षेच्या पायऱ्या पाडल्या. थोडा माल म्हणजे स्मॉल क्वांटिटी, फार मोठा म्हणजे कमर्शिअल, आणि या दोन्हींच्या मधला तो इंटरमीजिएट. प्रत्येक पदार्थाचे आकडे केंद्र सरकारने अधिसूचनेत दिलेत. गांजा १ किलोपर्यंत स्मॉल, २० किलोच्या वर कमर्शिअल. चरस १०० ग्रॅम आणि १ किलो. अफू २५ ग्रॅम आणि अडीच किलो. हेरॉईन ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम. आणि हल्ली शहरांत ज्याचा सुळसुळाट झालाय ते एमडी, म्हणजे मेफेड्रोन नावाची नशेची पावडर, २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम. म्हणजे गांजाची अर्धी गोणी मधल्या पायरीत बसू शकते, आणि शर्टाच्या खिशात मावणारी एमडीची पिशवी माणसाला थेट सगळ्यात वरच्या पायरीवर नेऊन ठेवते. पोरांना हे माहीत नसतं, आणि मला याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते.

आणखी एक बारकावा. कायद्यातले शब्द ‘त्या आकड्यापेक्षा जास्त’ असे आहेत. गांजा बरोबर २० किलो भरला तर तो कमर्शिअल होत नाही, त्याच्या वर गेला तरच होतो. म्हणून पंचनाम्यात वजन गोणीसकट लिहिलंय की गोणी वजा करून, हे वाचताना डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. पावडरचं गणित उलटं आहे. एमडीत किंवा हेरॉईनमध्ये काही भेसळ असली तरी भेसळीसकट सगळं वजन धरायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवून टाकलंय. "शुद्ध माल थोडाच होता" हा बचाव तेव्हापासून संपला.

स्मॉल क्वांटिटीत शिक्षा एक वर्षापर्यंत किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. केस प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे चालते आणि जामीन बहुधा लवकर होतो. तरी पोलीस स्टेशनातूनच सोडवून आणू, असं समजू नका. या कायद्याखालचे सगळेच गुन्हे अजामीनपात्र आहेत, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलंय. अर्ज कोर्टातच करावा लागतो. पोरगा स्वतः व्यसनात अडकलेला असेल तर वकिलाला ते लपवू नका. थोड्या मालाच्या आणि सेवनाच्या केसमध्ये जो स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार होतो, त्याच्यासाठी कलम ६४-अ मध्ये खटल्यापासून संरक्षणाची सोय आहे. लाजेपायी ही गोष्ट सांगितलीच जात नाही, आणि पोरगा उपचाराऐवजी कोठडीत जातो.

मधल्या पायरीत शिक्षा १० वर्षांपर्यंत जाते, खटला विशेष न्यायालयात म्हणजे सत्र न्यायाधीशांपुढे चालतो. पण जामिनाचे निकष इतर गंभीर गुन्ह्यांसारखेच: आरोपी पळून जाईल का, साक्षीदारांवर दबाव आणेल का, मागे काही गुन्हे आहेत का, तपास कुठवर आलाय. बऱ्याच केसेसमध्ये चार्जशीट दाखल झाल्यावर जामीन होतो.

खरी भिंत लागते ती कमर्शिअलला. तिथे कलम ३७ येतं. शिक्षा किमान १० आणि जास्तीत जास्त २० वर्षं, दंड १ ते २ लाख, आणि जामिनासाठी दोन जादा अटी. सरकारी वकिलाला विरोध करायची संधी द्यायलाच हवी. त्याने विरोध केला, आणि तो करतोच, तर कोर्टाची दोन गोष्टींबद्दल खात्री पटावी लागते: आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे, आणि जामिनावर असताना तो पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता नाही. इतर गुन्ह्यांत आरोपी निर्दोष आहे असं धरून चालतात. इथे खटला सुरू होण्याआधीच निर्दोषपणाकडे बोट दाखवावं लागतं. म्हणून "घरात कमावणारा एकटाच आहे", "बहिणीचं लग्न आहे", "आई आजारी आहे" या कारणांवर नियमित जामीन मिळत नाही. ती कारणं खरी असतात, आणि ती ऐकून घेणाऱ्यालाही वाईट वाटतं. लग्नकार्य किंवा आजारपणासाठी काही दिवसांचा तात्पुरता जामीन वेगळा मागता येतो.

हीच ३७ ची बेडी वजन न पाहता लावणारी काही कलमंही आहेत. कलम १९ परवानाधारक अफू उत्पादकांबद्दल आहे, ते मंदसौर-नीमचकडे लागू पडेल, आपल्याकडे नाही. कलम २४ देशाबाहेरच्या व्यापाराबद्दल. मात्र २७-अ नीट पाहा: अवैध धंद्याला पैसा पुरवणं किंवा अशा माणसाला आसरा देणं. एफआयआरमध्ये २७-अ असेल तर थोड्या मालाची केसही अवघड होऊन बसते. म्हणून पहिल्या दिवशी एफआयआरची प्रत मिळवा आणि कलमं एकेक करून वाचून घ्या.

आता शेतातल्या झाडांविषयी, कारण हा भाग आपल्या भागाचा आहे आणि यात कायद्याचा मजकूर नीट वाचला तर पुष्कळ फरक पडतो. गांजाच्या झाडाची लागवड हा कलम २० मधला स्वतंत्र गुन्हा आहे: १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी, १ लाखापर्यंत दंड. लागवडीच्या या गुन्ह्यात वजनाच्या पायऱ्याच नाहीत. झाडं मोजकी असोत की शेतभर, कलम तेच. मग कमर्शिअल क्वांटिटीची अट त्याला लावायची कशी? बचावाचे वकील हाच प्रश्न विचारतात, आणि तो मान्य करून उच्च न्यायालयांनी जामीन दिल्याचे निकाल आहेत. प्रत्यक्षात पोलीस बहुतेक वेळा लागवडीबरोबर ताब्यात बाळगल्याचं कलमही लावतात आणि सगळ्या झाडांचं मिळून वजन दाखवतात. ते वजन येतं कुठून ते पाहा. झाडं मुळासकट उपटतात, माती झटकतात, पेंढ्या बांधतात आणि काट्यावर चढवतात. ओलं खोड, फांद्या, मुळं, पानं, सगळं त्यात आलं. कायद्यातली गांजाची व्याख्या मात्र फार नेमकी आहे: झाडाचे फुलं किंवा फळं धरलेले शेंडे. बी आणि पानं शेंड्यांसोबत नसतील तर ती गांजा नाहीत. खोड आणि मूळ तर त्या व्याख्येत कुठेच बसत नाही. पंचनाम्यात शेंडे वेगळे काढून मोजलेत का, झाडांना फुलोरा आला होता असं लिहिलंय का, नमुना कशाचा घेतला, या ओळी शोधून काढणं हे चांगल्या वकिलाचं पहिलं काम. शंभर किलोची ‘हिरवी झाडं’ म्हणजे शंभर किलो गांजा, हे आपोआप ठरत नाही.

शेत कोणाचं आणि कसतो कोण, हाही प्रश्न असतोच. सातबाऱ्यावर नाव एकाचं, बटाईने कसणारा दुसरा, आणि कित्येक ठिकाणी जमीन वनखात्याची. ज्याच्या नावावर जमीन आहे पण जो तिकडे फिरकतही नाही, त्याने बटाईचे कागद, पैशांच्या देवाणघेवाणीच्या नोंदी, स्वतःच्या राहण्याचा पुरावा लगेच जमवून ठेवावा. मात्र आपल्या जमिनीत अशी लागवड आहे हे माहीत असून गप्प बसणं हाही गुन्हा आहे. कलम ४६ प्रमाणे जमीनधारकाने ताबडतोब खबर द्यायची, आणि पुढच्याच कलमात सरपंच, पंच व गावकामगारांवरही तीच जबाबदारी टाकलीय. डोंगरपट्ट्यातल्या ग्रामसभांमध्ये हे एकदा वाचून दाखवलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

ड्रायव्हर-क्लीनरची अडचण निराळी. कांद्याच्या किंवा भुशाच्या गोण्यांखाली काय आहे हे मला माहीत नव्हतं, असं तो म्हणतो. कायदा मात्र त्याला माहीत होतं असं आधी गृहीत धरतो, आणि तसं नव्हतं हे दाखवायचा भार त्याच्यावर टाकतो. मग उपयोगी पडतात ते बिल्टी, ट्रान्सपोर्टची पावती, टोलच्या नोंदी, मालकाशी आणि माल भरणाऱ्याशी झालेले फोन. गाडीमालकांनाही एक गोष्ट माहीत हवी: त्यांचा गुन्ह्याशी संबंध नसेल तर खटला संपेपर्यंत ट्रक पोलीस स्टेशनच्या आवारात सडायलाच हवा असं नाही. योग्य अटींवर गाडी तात्पुरती परत देता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलंय.

काही जणांकडे तर काहीच सापडलेलं नसतं. पकडलेल्याने नाव घेतलं म्हणून अटक. तपास अधिकाऱ्यापुढे दिलेला असा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या तोफान सिंग निकालाने पक्कं केलं. सहआरोपीच्या जबाबापलीकडे काहीच नसेल, ना माल, ना पैशांचा व्यवहार, तर कलम ३७ असूनही जामीन होऊ शकतो. अशा माणसाला अटकपूर्व जामिनाचा अर्जही करता येतो, पण कमर्शिअलमध्ये तिथेही ३७ ची चाळणी लागते.

झडतीतल्या चुकांवर लोकांची फार भिस्त असते. खबर मिळाली तर ती लिहून वरिष्ठांना ७२ तासांत कळवायची. अंगझडतीआधी राजपत्रित अधिकारी किंवा न्यायदंडाधिकाऱ्यापुढे झडती घ्यायचा तुमचा हक्क आहे, हे आरोपीला सांगायचं. नमुने न्यायदंडाधिकाऱ्यासमोर काढायचे. हे नियम महत्त्वाचे आहेत, पण त्यांच्या मर्यादा ओळखा. अंगझडतीचा नियम अंगाला लागतो, हातातल्या बॅगेला नाही. आणि नमुन्यांची पद्धत चुकली एवढ्या एकाच कारणावर जामीन देता येत नाही, असं डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं. एक चूक दाखवून सुटका होईल असं कोणी सांगत असेल तर त्यावर विसंबू नका. चुका जमवून त्यांचं एकत्र वजन कोर्टापुढे ठेवावं लागतं.

आता तारखेचं बोलू. तपास ठरल्या मुदतीत संपला नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, आणि या जामिनाला कलम ३७ आडवं येत नाही. वकील याला डिफॉल्ट जामीन म्हणतात. साध्या गुन्ह्यांत मुदत ६० किंवा ९० दिवस, कमर्शिअल क्वांटिटीत १८० दिवस. मोजणी अटकेपासून नव्हे, पहिल्या रिमांडपासून, आणि रिमांडचा दिवस धरून. समजा पहिला रिमांड १ जानेवारीला झाला. लीप वर्ष नसेल तर १८० वा दिवस २९ जूनला येतो. तोवर चार्जशीट आलं नसेल तर ३० जूनला कोर्ट उघडताच अर्ज टेबलावर हवा. आदल्या दिवशी केलात तर हक्क उपजलेलाच नसतो. उशीर केलात आणि मधेच चार्जशीट आलं, तर हक्क गेला. २०२० च्या एका निकालात आरोपीने मुदत उलटल्यावर सकाळी साडेदहाला अर्ज दिला होता आणि तपास यंत्रणेने त्याच दिवशी दुपारी ४ वाजून २५ मिनिटांनी कागद दाखल केले. सर्वोच्च न्यायालयाने आरोपीच्या बाजूने कौल दिला, कारण अर्ज आधी आला होता. त्याच निकालाने हेही सांगितलं की जामीन मंजूर होऊन आरोपीने वेळेत जामीनदार दिला नाही तर हा हक्क हातचा जाऊ शकतो. म्हणून १८० वा दिवस जवळ येताना जामीनदार आणि त्याचे कागद तयारच ठेवा.

सरकारला ही मुदत एक वर्षापर्यंत वाढवून मागता येते, पण तपास अधिकाऱ्याच्या साध्या पत्रावर नाही. तपास कुठवर आला आणि आरोपीला आत ठेवणं का गरजेचं आहे, हे सांगणारा अहवाल सरकारी वकिलाने स्वतःचं डोकं चालवून द्यावा लागतो, आणि आरोपीला त्याची कल्पना मिळावी लागते. असा अर्ज आला तर त्या दिवशी तुमचा वकील कोर्टात हजर हवा. माल अंमली पदार्थच आहे हे सांगणारा प्रयोगशाळेचा अहवाल, ज्याला सगळे सीए रिपोर्ट म्हणतात, तो नसताना आलेलं चार्जशीट पुरं मानायचं की नाही, यावर उच्च न्यायालयांत मतभेद आहेत. मुद्दा उचलून ठेवायला हरकत नाही.

आणि खटलाच वर्षानुवर्षं पुढे सरकत नसेल तर? इथे २०२३ साल महत्त्वाचं. मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात वर्षांहून जास्त काळ आत असलेल्या गांजाच्या केसमधल्या एका आरोपीला जामीन दिला आणि सांगितलं की कलम ३७ शब्दशः वाचलं तर जामीन कधीच होणार नाही. ते कलम घटनेच्या २१ व्या अनुच्छेदाशी, म्हणजे जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काशी जुळवूनच वाचायला हवं. त्याच वर्षी जुलैमध्ये साडेतीन वर्षांहून जास्त काळ आत असलेल्याला याच कारणावर सोडलं. पण उशीर आरोपीमुळे झालेला नसावा. त्यासाठी रोजनाम्याच्या नकला काढा. प्रत्येक तारखेला काय झालं, साक्षीदार आला नाही की मुद्देमाल आणला नाही की आरोपीला जेलमधून हजरच केलं नाही, हे रोजनाम्यात लिहिलेलं असतं. उशिरावरच्या जामीन अर्जात त्याच्याइतका बोलका कागद दुसरा नाही. पहिला अर्ज फेटाळला म्हणजे सगळं संपलं असंही नाही. परिस्थिती बदलली की पुन्हा अर्ज करता येतो. धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांसाठी उच्च न्यायालय म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ, मुंबई नव्हे.

अटकेच्या दिवसाबद्दल एक नवी आणि आपल्या भागाला फार उपयोगाची गोष्ट. अटकेची कारणं लेखी द्यायची, आणि आरोपीला समजेल अशा भाषेत, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलं. लगेच देता आली नाहीत तर न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी द्यावी लागतात. पावरी किंवा भिलोरी बोलणाऱ्या माणसाची मराठी कागदावर नुसती सही किंवा अंगठा घेतला असेल, तर पहिल्या रिमांडलाच वकिलाने तसं कोर्टाला सांगून नोंदवून घ्यावं.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून शेत गहाण टाकू नका. कोठडीत असलेल्या कोणालाही मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात किंवा लोकअभिरक्षक कार्यालयात जा, नाहीतर १५१०० वर फोन करा. आदिवासी आणि महिलांना तर ते कोठडीत नसतानाही हा हक्क आहे.

जामीन मंजूर झाला तरी माणूस लगेच बाहेर येतोच असं नाही. कोर्ट जामीनदार मागतं, जामीनदाराकडे सातबारा किंवा ऐपतीचा दाखला मागतात, आणि वनजमीन कसणाऱ्या घरात तो असतोच कुठे? नातेवाईक तालुक्यात फिरत राहतात, कोणी सही करायला तयार होत नाही. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर जेल अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिन्याभरात जामीनदार देता आला नाही तर अटी सैल करायच्या का हे कोर्टाने स्वतःहून पाहावं, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी दिलेत. स्थानिक जामीनदाराचा हट्ट धरून सुटका अडवू नये, असंही त्यात आहे. तरी कोणी आपणहून पाहील म्हणून वाट बघत बसू नका. जामीनदार मिळत नाही असं दिसलं की जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच लेखी हमीवर, किंवा रोख रकमेवर सोडावं असा अर्ज त्याच कोर्टात द्या, आणि सोबत कुटुंबाच्या परिस्थितीचा तलाठ्याचा दाखला जोडा.